कुपीत न मावलेलं

तेलाच्या डब्याच्या बाबतीत त्रिशला मगदूमला आजवर कुणी फसवू शकलं नव्हतं. जयसिंगपुरातलं 'राजाक्का भडंग' हे दुकान आधी तिच्या आईनं चालवलं आणि पुढं तिनं. डब्यावर ठसठशीत 'पंधरा' छापलेलं असतं. नवखा दुकानदार तेवढंच वाचून डबा उचलतो. त्रिशला आधी आकड्यापुढचं बारीक अक्षर वाचायची. पंधरा किलो आणि पंधरा लिटर यांत सव्वा किलोहून जास्त तेलाचा फरक पडतो, कारण तेल पाण्यापेक्षा हलकं. आकडा तोच, डबाही दिसायला तोच, फक्त माप वेगळं. एवढी चाणाक्ष बाई मिरजेच्या हॉस्पिटलात मात्र छापील आकड्यावर विसंबली, आणि तेही आईच्या आख्ख्या आयुष्याच्या मामल्यात.

"हे पॉइंट आठ आठ आठ काय आहे?" पडद्याकडं बोट दाखवत तिनं विचारलं. "खोक्यावर तर चक्क एक पेटाबाइट लिहिलंय."

अफरीन मुजावरनं पडद्यावरचा आकडा पुन्हा एकदा तपासला. ही मिरजेचीच मुलगी, संगणक शिकून मेंदूच्या विभागात लागलेली. पेशंटच्या आठवणींचा नकाशा काढायचा आणि त्या कुपीत उतरवायच्या, हे तिचं काम. एरवी बोलायला मोकळीढाकळी, पण आज खुर्चीतल्या खुर्चीत चुळबुळत होती.

"ताई, बसा जरा," ती म्हणाली.

'बसा जरा' म्हणणाऱ्याकडं चांगली बातमी नसते, हे हॉस्पिटलात खेपा घातलेल्या कुणालाही ठाऊक असतं. त्रिशला उभीच राहिली.

राजमती मगदूम, म्हणजे गावाच्या राजाक्का, दोन वर्षांपासून विसरायला लागल्या होत्या. आधी भडंगात मीठ दोनदा पडलं. मग मंदिरातून घरी येताना त्या भलत्याच गल्लीत शिरल्या आणि तिथल्या एका ओट्यावर रडत बसल्या. मेंदूच्या पेशी हळूहळू झडत जाण्याचा आजार, डॉक्टरांनी सांगितलं. पूर्वी या आजारापुढं हात जोडण्यापलीकडं माणसाला काही करता येत नसे. आता कुपी आली होती.

कुपीमागचं शास्त्र सांगायला सोपं आहे. आठवण म्हणजे मेंदूतल्या पेशींच्या आपापसांतल्या जोडण्यांची एक विशिष्ट वीण. पेशी झडल्या की वीण उसवते. ती शाबूत आहे तोवरच वाचून घ्यायची. पेशंटच्या डोक्यावर टोपी चढवायची, त्याला जुने फोटो दाखवायचे, ओळखीचे वास द्यायचे, माणसांची नावं घ्यायची आणि त्या त्या वेळी कुठल्या जोडण्या जाग्या होतात ते टिपत राहायचं. असं काही आठवडे चाललं की माणसाच्या आठवणी आकड्यांत उतरतात. ते आकडे हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या कुपीत भरायचे, कुपी कानामागच्या हाडात बसवायची आणि तिचे केसाहून बारीक धागे मेंदूला जोडायचे. मग माणूस काही आठवू पाहतो तेव्हा झडलेल्या पेशींच्या वतीनं कुपी उत्तर देते. आपल्याला कुणी बाहेरून सांगतंय असं त्याला वाटतही नाही. कुपी एकदा जोडली की मेंदू आठवणींसाठी तिलाच विचारतो; तिच्यात नाही ते त्याच्यापुरतं नसतंच.

अडचणी दोन. कुपीवरचं आवरण पेशंटच्याच पेशींपासून वाढवावं लागतं, नाहीतर शरीर तिला झिडकारतं. त्याला दोन महिने लागतात. आणि कुपी जोडताना त्या आकड्यांचा अर्थ लावणाऱ्या पेशी मेंदूत जिवंत असाव्या लागतात. त्या एकदा गेल्या की बाहेर हार्ड डिस्कवर जपून ठेवलेली आठवण कुणाच्याच कामाची राहत नाही. ती नुसती आकड्यांची रास होते.

कुपी दोन आकारांत मिळायची, एक पेटाची आणि दोन पेटाची. राजाक्कांच्या वाचनाचा अंदाज आला पॉइंट नऊ सात पेटा. मोठी कुपी जास्त तापते, तेव्हा म्हाताऱ्या माणसाला पुरत असेल तर लहानच बरी, असं डॉक्टर म्हणाले. त्रिशलाला ते मनापासून पटलं, आणि त्याला कारण होतं. राजाक्कांनी तरुणपणीच परिग्रहाला मर्यादा घालून घेतली होती. त्यांच्या जैन घरात हे व्रत कुणी ना कुणी घेतच आलेलं. पण राजाक्का ते जिवापाड पाळायच्या. साड्या ठरलेल्या, भांडी ठरलेली. नवी साडी आली की त्याच दिवशी जुनी कुणाला तरी दिली जायची. गरजेपेक्षा जास्त घरात ठेवायचं नाही, या शिस्तीत वाढलेल्या मुलीनं एकाचं काम एकात होत असताना दोन कशाला घ्यावेत? आई भानावर असती तर तिनंही लहानच घेतली असती, असं म्हणून तिनं एकवर बोट ठेवलं.

आणि आज कुपी तयार होऊन आली, संगणकाला जोडली, तर तिची जागा एक पेटासुद्धा भरेना.

"कंपनीनं फसवलं का?" त्रिशलानं विचारलं.

"नाही ना, तीच तर पंचाईत," अफरीन म्हणाली. "कंपनी हजारानं मोजते. हजार बाइटचा किलो, हजार किलोचा मेगा, मग गिगा, टेरा, पेटा. पण संगणक सगळं दुपटीनं करतो. दोन, चार, आठ, सोळा असं करत गेलं की हजारावर नेमकं थांबता येत नाही. एक हजार चोवीसला थांबावं लागतं. जुन्या लोकांनी विचार केला, हजाराच्या जवळच आहे की, यालाच किलो म्हणू. तिथनं घोळ सुरू झाला. पहिल्या पायरीला फरक चिमूटभर. पण पुढच्या पायरीला तो वरच्या फरकावर आणखी चढतो. घरात साधी डिस्क आणली तरी ती छापल्यापेक्षा कमी दाखवते, लोक दोन दिवस कुरकुरतात आणि विसरतात. पेटा म्हणजे पाचवी पायरी. तिथं आख्खा नववा भाग गेलेला दिसतो."

"म्हणजे कुठं गेला?"

"कुठंच गेला नाही. बाइट छापलेत तेवढे सगळे आहेत आत. आमचं वाचनाचं यंत्र मात्र हजार चोवीसच्या हिशेबानं मोजतं. तुमच्या आईंचा पॉइंट नऊ सात हा त्या मोठ्या मापानं आहे."

त्रिशला मटकन खाली बसली. पुढचं समजावून सांगायची गरजच नव्हती. पंधरा लिटरच्या डब्यात ती पंधरा किलो तेल ओतायला निघाली होती.

"शिवाय कुठली आठवण कुठं आहे याची सूची लागते," अफरीन हलक्या आवाजात म्हणाली, "आणि काही बिघडलं तर दुरुस्तीची जागा. ती वजा जाता पॉइंट आठ सहा उरतात. हे आमच्याकडून कुणीतरी तुम्हाला आधी सांगायला पाहिजे होतं. मीसुद्धा. मला वाटलं डॉक्टरांनी सांगितलं, डॉक्टरांना वाटलं मी सांगितलं."

त्रिशला तिच्यावर ओरडणार होती. पण मुलीचे डोळे भरलेले बघून तिला ओरडवेना.

"मोठी कुपी मागवली तर?"

"दोन महिने. आईंच्या पेशी ज्या वेगानं चालल्यात, त्या हिशेबानं दोन महिन्यांनी कुपी जोडायला आत काही नसेल." तिनं पडद्यावरची तारीख दाखवली. "जोडायची तर याच आठवड्यात. म्हणजे काहीतरी बाहेर ठेवावं लागणार, ताई. काय ठेवायचं ते घरच्यांनी ठरवायचं असतं."

घरचे म्हणजे त्रिशला एकटीच. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिनं लग्न केलं नव्हतं. केलं नव्हतं म्हणजे दुकान होतं, आई होती, आणि बघता बघता वय निघून गेलं.

दुसऱ्या दिवशी अफरीननं तिला आईचा नकाशा दाखवला. काळ्या पडद्यावर रंगीत ढग तरंगत होते. भाषा, चालणंबोलणं, प्रार्थना, माहेर, गाव या सगळ्यांचे धागे एकमेकांत इतके गुंतलेले, की त्यातला एक ओढला तर बाई उभीच राहू शकली नसती. सुटे करता येण्यासारखे मोठे ढग दोनच होते. त्यातला एक तांबूस आणि चांगलाच थोराड होता.

"हा कोण?" त्रिशलानं विचारलं. पण विचारतानाच तिला कळलं होतं.

"शांतिनाथ," अफरीन म्हणाली. "तुमचा भाऊ."

शांतू नऊ वर्षांचा असताना तापानं गेला, त्याला आता तीस-पस्तीस वर्षं लोटली होती. तेव्हा त्रिशला चौदा वर्षांची होती. त्या दिवसापासून राजाक्का जेवल्या, हसल्या, दुकान चालवलं, गावात नाव कमावलं. पण घरातला एक कोपरा कायमचा शांतूचा झाला. दर सणाला त्याचं नाव, दर आजारपणात त्याचा ताप. त्रिशलाला परीक्षेत चांगले गुण मिळाले तेव्हा आई म्हणाली होती, शांतूची बुद्धी तर किती तल्लख होती. बोलण्यात वाईट हेतू नव्हता. त्याचंच त्रिशलाला जास्त लागलं होतं.

"आणि मी कुठं आहे?"

अफरीननं दुसऱ्या, पिवळसर ढगावर बोट ठेवलं. "तुम्ही आणि दुकान. दोन्ही एकातच आहे. तुमचा चेहरा, भट्टी, फोडणीतला लसूण, गल्ल्यावरचं तुमचं बोलणं, सगळं एकमेकांत मिसळलंय. वेगळं करायचा प्रयत्न केला मी, होत नाही."

"हा तर त्याच्यापेक्षा लहान आहे."

"हो."

"तो नऊ वर्षं होता," त्रिशला म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "नऊ! मी पन्नाशीला आलेय. रोज तिच्यासोबत आहे. आंघोळ मी घालते, औषध मी देते."

"म्हणूनच, ताई." अफरीन तिच्याकडं न बघता बोलत होती. "मेंदू कंजूष असतो. रोज तेच घडत असेल तर तो वेगळं वेगळं जपत बसत नाही, सगळ्या दिवसांचं मिळून एकच ठेवतो. आणि आठवण काही फोटोसारखी पडून नसते. ती काढली की दर वेळी मेंदू ती नव्यानं लिहितो, लिहिताना तिला आणखी काहीतरी चिकटतं. तुमच्या आईंनी शांतिनाथला रोज काढलंय. इतकी वर्षं, रोज. तो वाढतच गेलाय."

मेलेलं पोर आईच्या डोक्यात वाढत राहिलं आणि समोर वावरणारी मुलगी एका दिवसाएवढी उरली. शास्त्राला यात वावगं काही दिसत नसेल. त्रिशलाचा मात्र जीव जळला. तिला मेलेल्या भावाचा हेवा वाटला, आणि हेवा वाटला म्हणून स्वतःची लाज वाटली. पण हेवा काही गेला नाही.

पुढचं अफरीननं तिला सरळच सांगितलं. शांतूचा ढग बाहेर ठेवला तर बाकी सगळं मावतं, वर थोडी जागाही उरते. त्या जागेत राजाक्कांना नवं काही लक्षात ठेवता येईल. कालचा पाहुणा, आजचं जेवण, उद्याचा बेत. डॉक्टरांचाही कल तिकडंच होता. मोठं दुःख काढलेले पेशंट लवकर सावरतात, झोपतात नीट. याउलट पिवळा ढग काढला तर कुपी काठोकाठ भरणार. मग नवीन काही ठेवायला जागाच नाही; सांगितलेलं रात्रीच्या झोपेनंतर पुसलं जाणार. दोन्हीतलं अर्धं अर्धं ठेवावं म्हटलं तर तेही जमणार नव्हतं. अर्धवट आठवणीनं पेशंट भेदरतो, वेड्यासारखा उरलेलं शोधत बसतो.

त्रिशलानं त्या संध्याकाळी मनाशी ठरवून टाकलं. शांतूला बाहेर ठेवायचं. आईचं भलं त्यातच आहे, असं तिनं स्वतःला बजावलं. बाईनं अर्ध्याहून जास्त आयुष्य रडत काढलं, निदान शेवटची वर्षं तरी हसत जावीत. यात खोटं काही नव्हतं. पण या खऱ्या बोलण्याच्या आडून एक चौदा वर्षांची पोरगी टाळ्या पिटत होती, की आता आई माझी एकटीची. तिचा आवाज त्रिशलाला ऐकू येत होता. तिनं तिला गप्प केलं नाही.

सकाळी ती उप्पीट घेऊन गेली. या आजारात अधूनमधून एखादी सकाळ लख्ख उजाडते, तशी ती होती. राजाक्का उशीला टेकून बसल्या होत्या, केस विंचरलेले, नजर ओळखीची.

"आलीस व्हय? ये. काय ठरलं त्या कुपीचं?"

"परवा बसवणार आहेत."

"मग त्वांड का असं पाडलंयस? काय लपवाय लागलीस?"

आईपुढं खोटं बोलायची त्रिशलाला सवय नव्हती. तिनं वाटी पुढं केली आणि म्हणाली, "आई, सगळं मावत नाही त्यात."

"किती न्हाई मावत?"

"नववा भाग. थोडं जास्तच."

राजाक्का खुदकन हसल्या. "म्हंजे माप चुकलं तुझं."

"चुकलं, आई."

"असू दे. त्यात काय एवढं? एक आत आलं की एक भाईर, हे काय नवं हाय व्हय आपल्याला? काय काढायचं म्हणत्यात?"

त्रिशलानं एका दमात सांगून टाकलं. "शांतूचं. डॉक्टर म्हणतात तुला बरं वाटेल. झोप लागेल. दुखणार नाही काही."

राजाक्कांनी चमचा वाटीत ठेवला. मग म्हणाल्या, "आन त्येला ठिवायचा म्हटलं तर?"

"तर दुकान जातं."

"जाऊ दे की दुकान. चिरमुऱ्याला तिखटमीठ लावायला काय, कुणाला बी येतंय."

"दुकानाबरोबर मीपण जाते, आई," त्रिशला म्हणाली. "मला ओळखणार नाहीस तू."

राजाक्कांनी लेकीकडं पाहिलं. हात पुढं करून तिचं मनगट धरलं. त्यांची पकड अजून भट्टीवर झारा चालवणाऱ्या बाईची होती.

"तू हायस न्हवं?" त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"तू हायस. सकाळी येशील, म्हणशील, आई, मी त्रिशला. मी म्हणीन, ये बाई, बस. हाय का न्हाई? त्यो कुठनं येणार गं? येऊन नाव सांगायला त्येला पाय हायत व्हय? तुझं अप्पा गेलं. त्येच्या संगं खेळणारी पोरं आता नातवंडं खेळवाय लागली. त्येला माझ्याबिगर कोण हाय? माझ्या डोक्यातनं गेला की संपला बघ त्यो. एकदा मेलंय लेकरू, पुन्ना मारू नगंस."

त्रिशलाच्या मनात उत्तर होतं. आई, मी रोज सांगेन, पण तुला रोज ते नवं असेल. ते ठेवायला तुझ्याजवळ जागाच नसेल. दोन वाक्यांचं काम. ती दोन वाक्यं बोलली असती तर राजाक्का डगमगल्या असत्या, कदाचित मत बदललंही असतं. म्हणूनच ती बोलली नाही. आईनं आयुष्यात तिच्याकडं फार थोडं मागितलं होतं. मागितलं त्यात तिनं काटछाट करावी, हे तिला जमलं नाही.

"बरं," ती म्हणाली. "शांतू राहील."

"गुणाची माझी बाय," राजाक्का म्हणाल्या आणि पुन्हा चमचा उचलला. "उप्पीट गार झालं बघ."

संमतीवर सही करताना अफरीननं तिला विचारलं, "त्यांना सांगितलंत ना, नवीन काही टिकणार नाही म्हणून?"

"नाही."

अफरीननं उठून त्रिशलाला पाणी आणून दिलं.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. डॉक्टर खूश होते. राजाक्कांना माहेरची विहीर आठवत होती, नवऱ्याच्या सायकलची घंटा आठवत होती, णमोकार मंत्र अडखळल्याशिवाय म्हणता येत होता. शांतूच्या जन्माच्या दिवसापासून सगळं जिथल्या तिथं होतं. चौथ्या दिवशी त्या शुद्धीवर येऊन नीट बोलायला लागल्या, तेव्हा त्रिशला पलंगाशी वाकून म्हणाली, "आई, मी त्रिशला."

"कोण त्रिशला?"

"तुझी मुलगी."

राजाक्का हसल्या, मग त्यांचं हसू विरलं. समोरची बाई थट्टा करत नाही हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी अफरीनकडं पाहिलं, अफरीननं मान हलवली. "पोटची पोर इसरले मी?" त्या म्हणाल्या. "कसली आई म्हणायची मी?" आणि कपाळ बडवून घेत रडायला लागल्या. त्यांना शांत करता करता दुपार झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना यातलं काहीच आठवत नव्हतं. त्रिशलानं पुन्हा सांगितलं, त्या पुन्हा रडल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा. "ये बाई, बस," असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. म्हणणार कशा? आई होण्याआधी त्यांना रोज अपराधी व्हावं लागत होतं, आणि त्यातून सावरेपर्यंत दिवस संपत होता.

घरी आणल्यावर आठवडाभर त्रिशलानं नेट धरला. मग एका सकाळी ती डबा घेऊन दारात उभी राहिली. राजाक्कांनी विचारलं, "कोण गं तू?" आणि ती म्हणाली, "मी शेजारची. भाजी आणलीय."

"ये की मग, बस," राजाक्का म्हणाल्या.

त्या दिवसापासून त्रिशला स्वतःच्याच घरात शेजारीण झाली. गावाला नवल वाटलं, मग सवय झाली. आंघोळ घालताना, औषध देताना राजाक्का तिला आशीर्वाद द्यायच्या, तुझ्या आईनं चांगलं वळण लावलंय म्हणायच्या. त्रिशला 'होय' म्हणायची. दुकानात गेल्यावर कधी कधी ती पोत्यांच्या आड बसून रडायची आणि तोंड धुऊन गल्ल्यावर यायची.

पावसाळा सरून दिवस कोरडे झाले होते. दुपारी ती मागच्या पडवीत लसूण सोलत बसली होती आणि राजाक्का शेजारी पाट घेऊन शांतूचं सांगत होत्या. शांतूचं त्या रोजच सांगायच्या. आधी आधी ते सुरू झालं की त्रिशला काहीतरी निमित्त काढून आत जायची. आता ती नुसती ऐकायची.

"लई किरकिरं पोर बघ," राजाक्का म्हणाल्या. "माझ्या हातनं घास घ्यायचं न्हाई. एक पोरगी हुती, तिच्याच हातनं घ्यायचं."

त्रिशलाचा हात थांबला. "कुठली पोरगी?"

"कुणाची हुती कोण जाणे. चेहरा येत न्हाई डोळ्यापुढं. दोन शेंड्या घालायची. पाच-सहा वर्षांची असंल. एवढीशी, आन त्येला काखंला मारून आख्खा वाडगा भरवायची. त्यो थुकायचा तिच्या अंगावर, ही हसायची." राजाक्का स्वतःशीच हसल्या. "त्येला ताप आला तवा बी तीच हुती. रातभर पाय चेपत बसायची."

अफरीननं ओळख काढली होती, नाव काढलं होतं, चेहरा पुसला होता. पण शांतूच्या आठवणींतून ती पोरगी निघाली नव्हती. निघणार तरी कशी? शांतू सदा तिच्याच कडेवर होता.

"मग?" त्रिशलानं विचारलं.

"मग काय? शांतू गेला. त्येला घरात आणला त्या दिवशी ही माणसांची गर्दी. माझ्याभवती बायका, मला धराय धा जणी. आन ती पोरगी एकटी दारात उभी. तिला कुणी जवळ घेतलंच न्हाई बघ." राजाक्कांनी पाटाची कड धरली. "मी बी न्हाई घेतलं. बघत हुते की मी तिच्याकडं. दिसत हुती मला. उठून दोन पावलं गेले असते तर काय झालं असतं? पुढं बी कवा घेतलं न्हाई. शांतू शांतू करत बसले. लई चुकलं माझं. कुणाची का असंना, लेकरूच हुतं न्हवं ते?"

त्रिशलानं लसणाची सुपली बाजूला सारली. मी आहे ती, एवढंच म्हणायचं होतं. पण म्हटलं असतं तर आई पुन्हा कपाळ बडवत बसली असती, आणि सकाळी सगळं धुऊन गेलं असतं. तिनं ओठ दाताखाली धरले.

"तू वळखतीस व्हय तिला?" राजाक्कांनी तिच्या तोंडाकडं बघत विचारलं. "रडाय का लागलीस?"

"ओळखते. गावातच आहे ती."

"बरं चाललंय न्हवं तिचं?"

"चाललंय."

"मग घिऊन ये की एकदा. म्हणावं, राजाक्कानं बोलावलंय. जवळ घ्यायचं राहून गेलंय म्हणावं." राजाक्कांनी पदरानं तिचे डोळे पुसले. "सांगशील न्हवं?"

"सांगते," त्रिशला म्हणाली, आणि आईच्या मांडीवर डोकं टेकलं. राजाक्का जरा बावरल्या. मग त्या शेजारणीच्या केसांतून हात फिरवत राहिल्या.